कडूबाचं लोढणं

सकाळी चूल पेटायच्या आधी त्या घरात भांडण पेटलं, आणि तेही मोबाईलवरून. आता मोबाईलवरून भांडणं घरोघरी आहेत. पोरगं हातातून सोडत नाही, सून तासन्‌तास बोलत बसते, ही रड कुठंही ऐकायला मिळते. इथं तऱ्हाच उलटी. आवडाबाई आपल्या म्हाताऱ्याच्या गळ्यात मोबाईल अडकवायला बघत होती आणि म्हातारा तो अंगाला लागू देत नव्हता.

"मला लोढणं घालती व्हय?" कडूबा म्हणाला. "म्या काय चुकार ढोर हाये?"

लोढणं म्हणजे लाकडाचा ओंडका. जे जनावर दावणीला टिकत नाही, लोकाच्या वावरात तोंड घालत फिरतं, त्याच्या गळ्यात तो बांधतात. पळायला गेलं की ओंडका पायात येतो आणि जनावर मुकाट्यानं उभं राहतं. कडूबानं जन्मभर अशी कितीतरी लोढणी तासली असतील. त्यांच्या लाखी गाईच्या गळ्यातलं तर मागच्या पावसाळ्यात दोर कुजून पडलं होतं, आणि तेव्हापासून ती बया साऱ्या वाडीच्या शिव्या खात हिंडत होती. त्यामुळं गळ्यात काही बांधायचं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाकी सगळं विसरला होता, हे नव्हता विसरला.

आवडाबाईनं आवाज खाली घेतला. जुन्या लुगड्याच्या काठाची तिनं स्वतः पिशवी शिवली होती, तिला नाडी लावली होती, मोबाईल आत बसवून वरून टाका घातला होता. "लोढणं नाय वो," ती म्हणाली. "सायलीनं दिलंय. नातीचं मन कशाला मोडता?"

"कोण सायली?"

ज्या नातीला खांद्यावर बसवून ह्यानं साऱ्या बागेतले पेरू दाखवले, तिचं नाव ह्याला परक्या गावच्या माणसासारखं वाटत होतं. तिनं दुधात भाकरी कुस्करून त्याच्यापुढं ठेवली, आणि तो खाली मान घालून खायला लागला तशी हळूच नाडी त्याच्या गळ्यात सरकवली. त्याला कळलंही नाही. कळलं असेल तर बोलला नाही.

दौलताबादच्या किल्ल्याच्या पाठीमागं ही वाडी. पाच-पन्नास घरं, पेरूच्या बागा, वरच्या अंगाला मुरमाड माळ. कडूबा इथला जाणता माणूस होता. कुणाच्या विहिरीला पाणी कुठं लागेल, कुणाचा बैल का खात नाही, सगळे त्याला विचारायला यायचे. मागल्याच्या मागल्या दिवाळीपासून त्याचं डोकं उतरायला लागलं. आधी नावं गेली, मग दिवस-वार गेले, मग एक दिवस त्यानं आवडाबाईला विचारलं की बाई, तुमी कोणाच्या घरच्या. ती न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली, आणि बाहेर येऊन भाकरी थापायला बसली. शहरातल्या डॉक्टरानं सांगितलं की हे माघारी फिरणार नाही, जपा फक्त.

जपा म्हणणं सोपं असतं. माणूस पायानं धड आणि डोक्यानं हललेला असला की त्याला जपायचं कसं? कडूबा घरातून निघून जायचा. कुणीतरी त्याला फाट्यावरून आणून सोडायचं, कुणी रेल्वे फाटकापासून. होळीनंतर तर तो ओढ्यात सापडला, उन्हात उताणा, ओठ फुटलेले. सलाईन लावून डॉक्टर म्हणाला, परत असा एक दिवस उन्हात पडला तर मला सांगायला येऊ नका. पोरगा सोमनाथ चिकलठाण्याला कंपनीत होता. तो दोघांना आपल्याकडं घेऊन गेला. तिथं तिसऱ्या मजल्यावर कडूबा दिवसभर भिंती चाचपत दार शोधायचा आणि सुनेला चोर म्हणायचा. शेवटी आवडाबाईच म्हणाली, आमाला माघारी सोड बाबा, काय व्हायचं ते आमच्या घरी होऊ दे.

मग मागच्या रविवारी सोमनाथची लेक सायली आली. पोरगी औरंगपुऱ्यात औषधाच्या दुकानात कामाला लागलेली, चटपटीत, बोलायला गोड. आजीचा मोबाईल तिनं हातात घेतला आणि ओट्यावर बसून म्हणाली, आजी, तू याच्यावर नुसती फोन उचलतेस, हा तर अख्खा माणूस आहे कामाला ठेवलेला. आणि एकेक ॲप घालायला लागली. हे हवामानाचं, ऊन किती ते बोलून सांगतं. हे बाजारभावाचं, घरबसल्या पेरूचा भाव कळतो. हे गोळ्यांचं, आबांची गोळी चुकणार नाही, वेळ झाली की माझ्याच आवाजात ओरडेल. हे तू बोललीस की लिहून घेतं. विजेचं बिल ह्याच्यात, गॅसचा नंबर ह्याच्यात. बोलता बोलता शेजारची द्वारकाबाई येऊन टेकली, समोरचा पुंडलिक आला. पुंडलिकाला गप्प बसवत नाही. त्यानं आपलंही एक ॲप सांगून टाकलं, जमिनीखालचं पाणी दाखवतं म्हणे. त्याच्यापायी त्यानं दोन जागी बोअर घेतलेले, आणि दोन्हीतून नुसता फुफाटा निघाला होता. सायलीनं त्याचा मोबाईल मागून घेतला आणि ते ॲप काढूनच टाकलं. द्वारकाबाई पोट धरून हसली.

आवडाबाई हसली नाही. ती म्हणाली, "हे समदं चांगलं हाये बाई. पर माणूस हरवला तर दाखवणारं काही हाये का ह्याच्यात?"

सायलीनं पर्समधून आपला जुना मोबाईल काढला. हा आबांच्या अंगावर ठेवायचा, म्हणाली, आणि तुझ्या मोबाईलवर नकाशात एक निळा ठिपका दिसेल. जिथं ठिपका तिथं आबा. घरी गेल्यावर मलाही दिसेल. तिनं करून दाखवलं, मोबाईल घेऊन बागेच्या टोकापर्यंत गेली, आणि इकडं आवडाबाईच्या हातात ठिपका सरकत सरकत बागेच्या टोकाला गेला. आवडाबाईच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं. कित्येक महिन्यांत ती बाई अशी सैल झाली नव्हती. त्या रात्री तिला झोप लागली.

तर त्या भांडणाच्या दिवशी अंगणात कुरडयांचा घाट होता. वैशाखाचं ऊन वाया घालवायचं नाही असा बायकांचा कायदाच असतो. द्वारकाबाई सोऱ्या घेऊन आली, चुलीवर गव्हाचा चीक रटरटायला लागला, आणि दोघी खाटेवर धोतराचं पान अंथरून कुरडया पाडायला बसल्या. कडूबा गोठ्याकडं गेलेला आवडाबाईनं बघितला. थोड्या वेळानं लाखी सुटून माळाकडं निघाली आणि ठिपकाही माळाकडं निघाला. आवडाबाई मनाशीच म्हणाली, गाईच्या मागं गेलेत, जाऊ दे, तेवढंच त्यांचं मन रमतं.

ती चिकाचा हात पुसून अधूनमधून मोबाईल बघायची. ठिपका माळावर होता. थोडा हलायचा, थांबायचा, परत हलायचा. ढोरांमागं हिंडणारा माणूस हलतो तसाच हलत होता. त्या ठिपक्याकडं बघून तिला इतकं बरं वाटत होतं की तिनं द्वारकाबाईला चहाही दोनदा पाजला. द्वारकाबाई म्हणाली, आवडाक्का, आज तुझ्या तोंडावर तेज आलंय. आवडाबाई लाजली.

दुपार चढली तशी तिला जेवणाची आठवण झाली. ठिपका आता किल्ल्याच्या पायथ्याला गेला होता आणि तिथंच थांबला होता. भाकरी झाली तरी तिथंच. कालवण झालं तरी तिथंच. तिनं हवामानाचं बटण दाबलं. मोबाईलमधली बाई म्हणाली, बेचाळीस अंश, उन्हात जाणे टाळा. तिनं कडूबाच्या गळ्यातल्या मोबाईलला फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. परत लावला. ओढ्यात उताणा पडलेला माणूस तिच्या डोळ्यांपुढं उभा राहिला आणि ती समोरच्या दाराकडं धावली.

"पुंडलिका, गाडी काढ," एवढंच ती बोलली.

पुंडलिकानं मोटारसायकल काढली. माळावरून वाट म्हणजे नुसते दगड. ठिपका पुढं आणि ही दोघं मागं. आवडाबाई एका हातानं पुंडलिकाचा सदरा धरून आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून देवाचं नाव घेत होती. ऊन असं की वाऱ्याची झुळूकसुद्धा चुलीतून आल्यासारखी. किल्ल्याच्या पायथ्याशी बाभळीचं बन आहे. ठिपका त्या बनात होता. पुंडलिकानं गाडी टाकली, दोघं काट्यांतून आत घुसले, आणि आवडाबाईनं चालता चालता परत फोन लावला. पुढच्याच बाभळीखाली फोन वाजला.

तिथं लाखी बसली होती. रवंथ करत, डोळे अर्धे मिटून. तिच्या गळ्यात लुगड्याच्या काठाची पिशवी होती, नाडीला पक्की गाठ मारलेली, आणि पिशवीत मोबाईल वाजत होता. फोन वाजला की गाय कान हलवायची आणि परत रवंथ करायला लागायची.

सकाळपासून ती ज्याच्याकडं बघून चहा पीत होती ती गाय होती. माणूस कधीच निघून गेला होता. कुठं, कोणत्या अंगाला, कुणालाच माहीत नव्हतं. आधी निदान नजर दारावर असायची. आज ह्या ठिपक्यापायी तिनं दाराकडं बघितलंसुद्धा नव्हतं. तिनं स्वतःच्या तोंडात दोन मारून घेतल्या. पुंडलिकानं तिचा हात धरला.

सायलीचा फोन आला. तिला दुकानात बसून ठिपका दिसत होता, तो एकाच जागी का म्हणून ती घाबरलेली. आवडाबाईनं सांगितलं, बाई, तुझा मोबाईल गाईच्या गळ्यात हाये, आबा नाय. पलीकडं पोरगी रडायला लागली. सगळ्या ग्रुपवर टाकते म्हणाली, आबांचा फोटो, नंबर, पोलिसांनाही सांगते, आजी तू रडू नको. आणि स्वतःच रडत होती. तिकडं सोमनाथ ड्युटीवर, त्याचा मोबाईल कंपनीच्या दाराशी जमा.

"काकी, हिंमत धरा," पुंडलिक म्हणाला. "म्या फाट्याकडं बघतो, तुमी घरी थांबा."

"फाट्याकडं बघ, रेल्वेकडं बघ, ओढा बघ," आवडाबाई म्हणाली. "इहिरी बघ."

वैशाखात विहिरी खोल जातात. वाकून बघणारा म्हातारा माणूस आत गेला तर वर आवाजही येत नाही. पुंडलिकानं तिला घरी सोडलं आणि वाडीतल्या चार गड्यांना हाका मारत निघून गेला.

अंगणात कुरडया वाळत होत्या. आवडाबाई ओट्यावर बसली आणि तेवढ्यात तिच्या कमरेला खोचलेला मोबाईल बोलायला लागला. सायलीचा आवाज, रविवारचा, हसरा. "आबांच्या गोळीची वेळ झाली. पाण्यासोबत द्या. आबांच्या गोळीची वेळ झाली." तिला तो बंद करता येईना. नेमकं कुठं दाबायचं ते तिला आठवेना. तो बोलतच राहिला आणि ती त्याला दोन्ही हातांनी छातीशी दाबून बसली. देवा, ती म्हणाली, ह्याच्यात समदं हाये, ऊन किती ते हाये, गोळी कवा ते हाये, आणि माझा माणूस नाय. तिला वाटलं आपणही उठावं आणि त्या ओढ्याच्या वाटेनं चालत सुटावं.

द्वारकाबाईनं तिच्या हातातून मोबाईल घेऊन कसातरी गप्प केला. पाणी पाजलं. मग म्हणाली, घरातून निघताना कडूबातात्यांच्या अंगावर काय होतं ते आठव, पोलिसाला सांगावं लागतं. आवडाबाई म्हणाली, काय असणार, पट्ट्याचा पायजमा अन् बंडी. द्वारकाबाईनं तिच्याकडं बघितलं.

"नाय आवडाक्का. मधी म्या सोऱ्याची दुसरी चकती आणायला घरी गेले तव्हा बघितलं ना त्यांना, मागल्या दारानं निघताना. पांढरंफेक धोतर, सदरा, डोक्याला फेटा. हातात गाठोडं. मला वाटलं कोणाच्या तरी लग्नाला निघालेत."

"अन् तू इचारलं नाय?"

"इचारलं. गावाला जाऊन येतो म्हणले. एवढं नीट बोलले की मला वाटलं, आज बरे हायेत, तुला सांगूनच निघालेत."

आवडाबाई उठून आत गेली. पत्र्याची पेटी उघडी होती. ठेवणीतलं धोतर नव्हतं. सोमनाथच्या लग्नातला गुलाबी फेटा नव्हता. आढीत पिकत घातलेल्या आंब्यांतले वरचे, चांगले चांगले आंबे नव्हते. बाकी काही हललेलं नव्हतं. ती पेटीपुढं बसली. ज्याचं डोकं गेलंय त्यानं पेटी उघडून नेमकं धोतर काढलं, कडक फेटा बांधला, पिकलेले आंबे निवडून घेतले. गोठ्यात जाऊन चुकार गाईच्या गळ्यात लोढणं बांधलं, कारण घरचा माणूस गावाला निघाला की गाय सांभाळायला कोण? सगळं कसं रीतीनं केलेलं. वेड्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

आणि तिला आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवली. आखितीला लेकी माहेरी जातात, झोके खेळतात, आंब्याचा रस खातात, आणि आठ-दहा दिवसांनी नवरा न्यायला जातो. ती नव्या नवलाईची होती तेव्हा कडूबा असाच यायचा. असंच धोतर, असाच फेटा, असंच आंब्याचं गाठोडं. तिचा बाप मुद्दाम म्हणायचा, राहू द्या की चार दिवस पोरीला, आणि ह्याचं तोंड एवढंएवढं व्हायचं. आखिती नुकतीच होऊन गेली होती. गेले कित्येक दिवस सकाळी उठला की तो म्हणत होता, अजून आली नाय. ती समजायची, बहिणीची वाट बघतोय, कारण बहीण आखितीला येते. ती म्हणायची, येईल येईल, आणि कामाला लागायची.

फाट्यावरून आणला, रेल्वे फाटकावरून आणला, ओढ्यातून आणला. प्रत्येक वेळी साऱ्यांनी मिळून त्याला माघारी आणला आणि दाराला कडी घातली. बाबा, तू निघालास कुठं, एवढं एकदा कुणी विचारलं असतं तर? इतरांचं सोडा, तिनंही विचारलं नव्हतं.

पुंडलिकाला तिनं फोन करून बोलावून घेतलं. "माझ्या माहेराला चल," ती म्हणाली. "भांगशीमातेच्या गडाकडं."

"काकी, तिथं आता कोण हाये तुमचं?"

"कोणी नाय. चल."

माहेरचं घर कवाच गेलं होतं. बाप गेला, भाऊ जमीन विकून शहरात गेला, आणि त्या जागी प्लॉटिंग पडलं होतं. पांढरे दगड रोवलेले, लोखंडी कमान, तिच्यावर कसलं तरी नगर लिहिलेलं. जुन्यातली फक्त विहीर राहिली होती आणि तिच्यावरची चिंच. कमानीशी पत्र्याच्या खोलीत राखणदार होता. आवडाबाईनं तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, "त्या बाबांसाठी आलात का? बरं झालं बाई. सकाळपासून बसलेत. पाणी दिलं तर पीत नाहीत."

कडूबा चिंचेखाली दगडावर बसला होता. सावली सरकून गेली होती आणि तो अर्धा उन्हात होता, तरी जागचा हलला नव्हता. फेटा सरळ, गाठोडं मांडीवर, दोन्ही हात गाठोड्यावर. ओठ पांढरे पडलेले. डोळे आत गेलेले. जिवंत होता. आवडाबाई धावत गेली आणि पाण्याची बाटली त्याच्या तोंडापाशी नेली.

"अवो, पाणी प्या आधी. म्या आलीया."

त्यानं तोंड बाजूला केलं. तिच्याकडं बघितलं, पण ओळख नव्हती. "घरातलं कोणी येऊ द्या," तो म्हणाला. आवाज खोल गेलेला. "जावई हाये म्या हितला. बाहेरच्याचं पाणी चालायचं नाय."

पुंडलिक म्हणाला, तात्या, काकीच आहेत या, घ्या की. त्यानं बाटली पुढं केली तर कडूबानं ती हातानं उडवून दिली. पाणी मातीत गेलं. राखणदार म्हणाला, मी सकाळपासून हेच बघतोय. डॉक्टरचं बोलणं आवडाबाईच्या कानात वाजत होतं. जबरीनं पाजावं तर माणूस बिथरून विहिरीकडंच पळायचा, आणि विहिरीला कठडा नव्हता. सासुरवाडीत कुणी या बसा म्हणेना, पाय धुवायला पाणी देईना, म्हणून हा अपमान गिळून सकाळपासून तहानलेला बसलाय. आणि त्याला पाणी द्यायला त्या घरातलं एकही माणूस आता तिथं नाही.

आवडाबाई मागं सरली. राखणदाराच्या खोलीत गेली, त्याच्याकडून तांब्या मागून घेतला, माठातलं पाणी भरलं. पदर कपाळापर्यंत ओढला. तिची आई कशी चालायची ते तिनं मनात आणलं, एका गुडघ्यावर जोर देत, सावकाश. चिंचेच्या पलीकडून, जिकडं घराचं दार होतं तिकडून, ती तांब्या घेऊन आली आणि त्याच्यापासून चार हात अंतर ठेवून उभी राहिली.

"जावईबापू, कवा आलात?" ती म्हणाली. "घरात कोणी नव्हतं, समदे वावरात गेलेत. लई ताटकळत ठेवलं तुमाला. राग धरू नका. पाय धुवा, पाणी घ्या."

कडूबा उठायला गेला. पाय लटपटले, तरी उठला. सासूसमोर बसून कसं राहायचं? त्यानं पायांवर पाणी घेतलं, तोंडावर घेतलं, आणि मग तांब्या तोंडाला लावला. घटाघटा प्यायला. आवडाबाईचे दात एकमेकांवर आपटत होते, बेचाळीस अंशाच्या उन्हात. "सावकाश," ती म्हणाली, "सावकाश प्या." दुसरा तांब्या आणला. घरून आणलेली अर्धी गोळी पुंडलिकानं साखर म्हणून दिली, तीही त्यानं घेतली. पुंडलिक तोंड फिरवून डोळे पुसत रिक्षा आणायला सडकेकडं गेला.

कडूबानं गाठोडं पुढं केलं. आंबे उन्हानं पिचून रस बाहेर आला होता. "पोरांसाठी," तो म्हणाला. सासूशी बोलायचं म्हणजे त्याला जड जात होतं, हे तिला दिसत होतं. पण मनात होतं ते बोलल्याशिवाय राहवेना.

"आवडीला पाठवा," तो म्हणाला. "लई दिस झाले. तुमी तिला सांगा, काही चुकलं असंल तर बोल म्हणावं. पर अशी जाऊन बसू नको म्हणावं. मला घरात करमत नाय. कोणी ओळखीचं दिसत नाय मला तिथं. तिच्याबिगर मला काहीच उमगत नाय."

उभ्या जन्मात त्यानं तिला असं एक वाक्य ऐकवलं नव्हतं. भाकरी करपली, पाणी आण, एवढंच. आवडाबाईनं पदर आणखी खाली ओढला. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, म्हाताऱ्या, मीच ती, तुझ्यापुढं उभी हाये. पण सांगितलं असतं तर तो परत परका झाला असता.

"सांगते," ती म्हणाली. "ती मघाशीच निघाली तुमच्या घराकडं. तुमी दुसऱ्या वाटेनं आलात, चुकामूक झाली. चला, आता रिक्षा येईल."

"निघाली? मग घरी कोणी नाय तिला." तो लगेच फेटा सावरायला लागला.

रिक्षात तो पुढं, डायव्हरशेजारी बसला. मागच्या सीटवर सासू बसली होती ना.

संध्याकाळी सोमनाथ आला, सायली आली. सलाईन झाली, डॉक्टर म्हणाला थोडक्यात वाचले. सायली आजीच्या कुशीत शिरून रडली आणि मग डोळे पुसून परत मोबाईल काढला. आजी, आता एक घड्याळ मिळतं, म्हणाली, त्याला कुलूप असतं, आबांना काढताच येणार नाही, मी उद्याच मागवते. सोमनाथ म्हणाला, मागव.

"नको बाई," आवडाबाई म्हणाली. "ते ढोराला बरं. तुझा मोबाईल लाखीच्या गळ्यात राहू दे, ती लई चुकार झाली. ह्यांची वाट आता मला ठावूक झाली."

सायलीला काही कळलं नाही. तिनं विचारलं, आबा तिथं गेले होते कशाला? आवडाबाई म्हणाली, मला न्यायला. आणि कळशी घेऊन मागच्या दारी गेली.

मातीत आणि आंब्याच्या रसात माखलेलं धोतर ती दगडावर घासत होती तेव्हा कडूबा काठी टेकत येऊन तिथल्या खाटेवर बसला. बराच वेळ तिच्याकडं बघत राहिला. तिचा हात थांबला. तिला वाटलं, आता ओळखेल.

"बाई," तो म्हणाला, "आवडी आली नाय का अजून?"

तिनं धोतर परत पाण्यात बुडवलं.

"नाय," ती म्हणाली. "उद्या जाऊ न्यायला. दोघं मिळून."

"तुमी याल?"

"येते की."

"मग पहाटं निघू," कडूबा म्हणाला. "नायतर तुमाला ऊन लागंल."

बरं म्हणून तिनं धोतर पिळलं आणि दोरीवर टाकलं.